खिळ्यावरची शेवटची किल्ली

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर हवालदारकाका राहतात. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला. तरीही सदऱ्याची गळ्यापर्यंतची सर्व बटणे लावल्याखेरीज ते दार उघडत नाहीत. दाराच्या आतल्या बाजूस त्यांनी एक लाकडी फळी ठोकली आहे आणि तिच्यावर खिळ्यांची एक सरळ ओळ. एके काळी त्या प्रत्येक खिळ्यावर कोणत्या ना कोणत्या बिऱ्हाडाची किल्ली असे. परगावी निघालेला माणूस सामान जिन्यात ठेवून आधी काकांचे दार ठोठावी.

"काका, ही ठेवा. आणि दूधवाल्याला नको म्हणून सांगा."

"एवढंच? मांजर नाही का सोपवायचं?" असे म्हणत काका ती किल्ली नेमक्या तिच्याच खिळ्यावर अडकवीत.

त्यांचा आणखी एक आग्रह असे. "जाताना आमच्या ठाण्यातही कळवून जा. गस्तीवरचा माणूस दाराकडे लक्ष ठेवील." लोक कळवीत. ठाण्याची पायरी चढताना माणसे कचरत नसत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

काका निवृत्त झाल्यानंतर त्याच ठाण्याचे साहेब आणि त्यांचे काही शिपाई पकडले गेले. बंद घरांची माहिती लोक विश्वासाने देत. ती ही मंडळी चोरांना पुरवीत आणि लुटीत वाटा घेत. समोरच राहणाऱ्या शिंपीणबाईंचे घर असेच फोडले गेले होते. काकांच्या सांगण्यावरून त्या स्वतः ठाण्यात कळवून आल्या होत्या. शिवणयंत्र गेले, आईच्या बांगड्या गेल्या. तक्रार देताना त्यांना रडू आवरेना, तेव्हा ज्या साहेबांनी मोठ्या आपुलकीने पाण्याचा पेला पुढे केला, त्यांच्याच कपाटात पुढे त्या बांगड्या सापडल्या.

काकांना कोणी एका शब्दाने बोलले नाही. किल्ल्या मात्र एकेक करून उतरल्या, आणि त्याही अत्यंत गोड सबबींवर. कोणाचा मेहुणा आता इथेच राहायला येणार होता, कोणाला दुसरी किल्ली करून घ्यायची होती. शिंपीणबाई तेवढ्या सरळ बोलल्या. "काका, राग मानू नका. माझी द्या."

एकदा काकूंनी विचारले, "आता पिशव्या अडकवू का तिथं? खिळे रिकामेच आहेत."

"रिकामे कुठे? एक आहे की."

ती एक किल्ली वरच्या मजल्यावरच्या सिस्टरची. त्या रुग्णालयात नोकरी करतात आणि एकट्याच राहतात. काका त्या किल्लीला अधूनमधून तेलाचा थेंब लावून पुसून ठेवीत.

"अहो, तेल कुलपाला देतात, किल्लीला नाही," काकू चिडवीत.

"कुलूप वर आहे आणि माझे गुडघे खाली आहेत."

गेल्या उन्हाळ्यात सिस्टर आईकडे गेल्या असताना एका सकाळी त्यांच्या दाराखालून पाणी वाहू लागले आणि पायऱ्यांवरून खाली आले. माणसे जमली. कोणीतरी दार फोडण्याची भाषा केली.

"फोडताय कशाला? मी आहे ना!" काका खालून गरजले. कठड्याला धरून, मुठीत किल्ली घेऊन ते वर आले. "बाजूला व्हा जरा." तो जुना आवाज ऐकून माणसे खरोखरच बाजूला झाली.

किल्ली अर्धी आत गेली आणि अडली. काकांनी ती काढली, सदऱ्याला पुसली, पुन्हा घातली.

"तेल दिलंय मी हिला," ते म्हणाले.

शिंपीणबाईंनी हळूच सांगितले, "काका, लॅच नवं आहे."

कोणीतरी गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला. पाणी थांबले. काका सर्वांच्या नंतर खाली उतरले.

सिस्टर परतल्या तेव्हा घरी जाण्याआधी काकांकडे आल्या.

"काका, मी मागेच बदललं लॅच. सांगायला हवं होतं."

"मग किल्ली का नाही नेलीत?"

"तुमच्या फळीवर तेवढी एकच उरली होती."

काका फळीकडे वळले. "संशय घेतला असतात, तर भांडलो असतो मी. आता ह्याला काय करू?"

"संशय नाही हो. पण उद्या तुमच्या ठाण्यातला कोणी वर्दीत आला आणि किल्ली मागितली, तर तुम्ही द्याल."

'नाही' म्हणावे असे काकांना वाटले, पण ते खोटे झाले असते. त्यांनी दिली असती. वर्दीतल्या माणसाला किल्ली द्यावी, त्यात विचार करण्यासारखे काही नसावे, अशाच जगात त्यांचे अवघे आयुष्य गेले होते, आणि त्या जगाची ओढ अजून सुटलेली नव्हती.

त्यांनी किल्ली काढून सिस्टरच्या तळहातावर ठेवली.

काकूंनी पिशव्यांचा विषय पुन्हा काढलेला नाही. खिळ्यांवरची धूळ काका स्वतः पुसतात. कोणी सामान घेऊन जिना उतरू लागले, की ते बटणे लावून दारात येतात.

"निघालात? सावकाश जा."

"हो काका, येतो."

असे म्हणत माणूस किल्ली खिशात टाकतो, आणि काकांची नजर तिच्याबरोबर खिशापर्यंत जाते.