खणाची किल्ली माझ्याकडे होती

हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. बाबांपाशी नाही, शेजारच्या मावशींपाशी नाही, आणि ज्याच्यापाशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं त्या माझ्या भावापाशी तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. फक्त मधे बोलू नका — एकदा थांबले तर पुन्हा तोंड उघडायची नाही मी.

माझा भाऊ सुहास. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तुयेच्या कारखान्यात फिटर. आमचं घर गोव्यात धारगळला, हायवेपासून थोडं आत. त्या हायवेवरच तो मोटरसायकलवरून पडला. पायात रॉड घातला, दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या सुटेनात, आणि पुढे गोळ्या मिळेनात तेव्हा किनाऱ्याकडून पावडर यायला लागली. वर्षभर आम्हाला पत्ता नाही. म्हणजे बाबांना नाही. मला संशय होता — पण लोक काय म्हणतील हा आमच्या घरातला पहिला प्रश्न, बाकीचे सगळे त्यानंतर.

मग डॉक्टर झाले, आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्या आल्या. पावडरीची ओढ मारणारी गोळी, रोज सकाळी. डॉक्टरांनी मला बजावलं : कपाटाच्या खणात कुलपात ठेवा, तुमच्यासमोर द्या, विरघळेपर्यंत तिथेच बसा. बसले! दोन वर्षं बसले. चहा निवतोय, गिऱ्हाइकांचे ब्लाऊज शिवायचे पडलेत, आणि मी आपली तिशीच्या बाप्याला ‘जीभ वर कर’ म्हणतेय. वैताग म्हणजे किती असावा? येईल त्याला सांगायचे — माझ्याशिवाय इथे पान हलत नाही, कुठे लग्नाकार्याला जाता येत नाही, कंबर मोडली माझी. लोक म्हणायचे, बाय आहे म्हणून घर उभं आहे. ते ऐकायला मला — आता कशाला लपवू? — फार गोड लागायचं.

एके दिवशी डॉक्टर म्हणाले, आता महिन्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन आलंय. पोटाच्या कातडीखाली देतात, औषध आत साठतं आणि थोडं थोडं सुटत राहतं. रोजची गोळी नको, कुलूप नको, समोर कुणी बसायला नको. सुहासचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मी? मी विचारलं, गाठ येते का हो? दुखतं का? थोडी गाठ येते, जिरते, म्हणाले डॉक्टर. मला गाठीचं काही पडलेलं नव्हतं. किल्ली माझ्या कमरेला होती, तिचं पुढे काय, हे मला पडलं होतं.

घरी बाबा म्हणाले, देवीला विचारूया. आमच्याकडे हे असंच. विहीर खणायची, माझं स्थळ बघायचं, सुहासची नोकरी — आधी प्रसाद लावायचा. भटजी गाऱ्हाणं घालतात, देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात, आणि कुठली आधी पडते ते बघत बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डॉक्टर एवढे शिकले आणि आता पाकळी ठरवणार का, म्हणून मी ओरडलेसुद्धा. पण बाबांना देवळाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, गुडघे गेलेले. सुहासची ड्यूटी. मग जाणार कोण? मीच. नेहमीप्रमाणे मीच.

देऊळ रिकामंच होतं. भटजींनी पाकळ्या लावल्या. मी खांबाला टेकून बसले — आणि काय मागत होते, सांगू? डावी पाड. होय, डावी पाड बाई, म्हणजे माझ्यावर काही येणार नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आणि उजवी पडली. ढळढळीत उजवी.

“उजवो जालो, बाय. बरें जातलें भावाचें,” भटजी म्हणाले.

घरी आले. बाबा सोप्यावर बसलेले, सुहास नुकताच कामावरून येऊन दाराशी उभा. आणि मी म्हणाले — डावा पडला.

झालं. भटजी दिवसभरात कितीजणांचे प्रसाद लावतात, त्यांना कोण विचारायला जातंय? बाबांनी जागच्या जागी हात जोडले. सुहास म्हणाला, “देवीक नाका, जाल्यार नाका.” वाद नाही, काही नाही. वाद घातला असता तर मी कदाचित — नाही, असलं काही मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खण उघडला, गोळी काढली, ‘जीभ वर कर’ म्हटलं. आणि मला बरं वाटत होतं.

चार महिन्यांनी कारखान्यात कामाचा जोर आला, रात्रीही तिथेच राहायचं. “दोन दीस हांव थंयच रावतलों. दोन गोळयो दी गे ताय,” म्हणून मागे लागला. डॉक्टरांना विचारता आलं असतं. फोन हातातच होता. मी म्हटलं, वेळेवर घरी ये, गोळी मिळेल. तो आला नाही. तिसऱ्या दिवशी तिथल्या संडासात पावडर घेऊन बेशुद्ध सापडला. बेळगावकडच्या एका कामगाराने दार फोडून बाहेर काढला, म्हणून वाचला. पण कित्येक तास उजवा हात अंगाखाली दबून होता. बोटं आता मिटत नाहीत. फिटरची बोटं हो! नोकरी गेली ती गेलीच.

डॉक्टरांनी पुन्हा इंजेक्शनचं काढलं. या खेपेला बाबांनी प्रसाद लावला नाही, मुकाट्याने हो म्हणाले. गाठ आली, जिरली. वर्ष होऊन गेलं, सुहासने कशाला हात लावलेला नाही. सकाळी उठतो, बेकरीतून पोई आणतो, माडांना पाणी सोडतो. इतकं सोपं होतं ते. बाबा मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, देवीचा शब्द मोडला आपण, पोराचं कसं होणार. तसंच म्हणत गेले. मी त्यांच्या उशाशी होते, आणि गप्प होते.

आता दर महिन्याला मी सुहासला स्कूटरवरून नेते. इंजेक्शनच्या दिवशी तो देवळापाशी थांबायला लावतो. आत जात नाही. पायरीशी उभा राहून ती बोटं जमतील तशी जोडतो आणि देवीला म्हणतो, “तुवें नाका म्हळें तरी घेतां, आई. माफ कर.” मागच्या खेपेला म्हणाला, हे बंदच करावं का, ताय? तेव्हा तरी बोलावं ना माणसाने? मी स्कूटर चालू केली आणि म्हटलं, आटप लवकर, उशीर होतोय.