लालासाहेब हवालदारांची शंभर वार वायर

लालासाहेब हवालदार लष्कराच्या सिग्नलमधून निवृत्त होऊन साताऱ्यात गोडोलीला राहायला आले, पण त्यांना निवांत बसलेलं कुणी पाहिलं नाही. सत्त्याहत्तर साली त्यांनी टीव्ही घेतला तेव्हा आम्हा शेजाऱ्यांना वाटलं, आता तरी बसतील. झालं उलटंच. टीव्ही खाली बसला आणि लालासाहेब गच्चीवर गेले.

सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र साताऱ्याला पोचेपर्यंत दमून जायचं. त्याला धरायला उंच खांब, खांबावर अँटेना आणि तिथून टीव्हीपर्यंत वायर. वायर हा तर लालासाहेबांचा प्रांत. बावीस वर्षं त्यांनी डोंगराकपारीतून टेलिफोनच्या लाइनी ओढल्या होत्या. शेजारच्या सयाजी कंडक्टरनं बाजारातली साधी चपटी वायर लावली, तेव्हा हे म्हणाले, "गड्या, ही वायर न्हाई, परकराची नाडी हाय." आणि स्वतः पुण्याला जाऊन गोल, जाड, आत तांब्याची जाळी असलेली, सहापट किमतीची वायर घेऊन आले. अख्खं शंभर वाराचं बंडल.

सयाजीकडे चित्र स्वच्छ. हवालदारांकडे पडद्यावर मुंग्या. माणसं दिसत, पण पिठाच्या गिरणीत उभी असल्यासारखी.

तेवढ्यात कडेगावहून पोस्टकार्ड आलं. हवालदारांच्या पत्नी साळूबाई. त्यांच्या धाकट्या भावानं, कृष्णातनं, उसाचं असं पीक काढलं होतं की टीव्हीवाल्यांनी त्याला मुंबईला नेऊन मुलाखत घेतली. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला दाखवणार. "दाजींची वायर भारी हाय, तवा आक्काला मी झ्याक दिसंन," असंही त्यानं लिहिलं होतं.

साळूबाई एवढंच म्हणाल्या, "त्याचं त्वांड नीट दिसलं पायजे."

चार दिवस हवालदारांचा पाय जिन्यावरून निघाला नाही. अँटेना इकडं वळव, तिकडं वळव. खांबाला बांबू जोड. वरून हाक, "आता?" खालून साळूबाई, "मुंग्याच." पुन्हा वरून, "आता गं?" "मगाच्यापरीस जास्त."

गुरुवारी सहाला सयाजी दारात आला. "वैनी, आमच्याकडं चला. उगं चुकायला नगं." साळूबाई धुवट लुगडं नेसून, कुंकू लावून तयार होत्या. त्या म्हणाल्या, "आदी त्यास्नी इचारा."

सयाजी गच्चीवर गेला, हवालदारांशी बोलता बोलता टाकीमागं वळला आणि थबकला. तिथं वायरीची भली मोठी वेटोळी, एकावर एक, सुतात रचलेली. एक टोक खांबाकडं, दुसरं खाली घराकडं.

"हवालदार, हे काय?"

"उरल्याली वायर. सत्तर वार असंल."

"मग कापली का न्हाई?"

हवालदारांनी त्याच्याकडं असं पाहिलं की जणू त्यानं त्यांचा हातच कापायला सांगितला. "केबल कापत न्हाईत गड्या. गुंडाळायची, काम झालं की जमा करायची."

"कुटं जमा करणार? सरकारची हाय व्हय ती?"

हवालदार वेटोळ्यांकडं वळले. खांबावरून उतरलेलं चित्र घरात यायच्या आधी टाकीमागं सत्तर वारांच्या प्रदक्षिणा घालत होतं. "लाइन लांबली की आवाज बारीक हुतो," ते हळूच म्हणाले. "रंगरुटांस्नी मीच शिकवायचो."

पक्कड हातात घेतली. खाली ठेवली. परत घेतली. बावीस वर्षांत कधी न केलेलं काम.

खालून आवाज आला, "आवं, सव्वासा वाजून गेलं. मी जाऊ का ऱ्हाऊ?"

"ऱ्हा," हवालदार म्हणाले, आणि वायर कापली.

टोकं सोलून जोडेपर्यंत साडेसहा झाले. दोघं धडपडत खाली आले, तर समोर कृष्णात. लग्नाच्या फोटोत बसावं तसा, हात गुडघ्यांवर, फेटा जरा कलता, मिशीचा केस न् केस वेगळा. साळूबाई टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन बसल्या होत्या.

"गालफाडं बसल्यात की रं," त्या त्यालाच म्हणाल्या.

हवालदार उभ्या उभ्याच चित्राचे चारी कोपरे तपासत होते. सयाजीनं डिवचलं, "माज्या नाडीवरबी आसाच दिसत असंल."

हवालदारांनी पुन्हा एकदा मिशी न्याहाळली. खोटं बोलायची सवय नव्हती. "व्हय," ते म्हणाले. "आसाच दिसत असंल."

"मग सहापट पैसं कशाला वो घातलं?"

"दोगंबी गप ऱ्हावा," साळूबाई मागं न बघता म्हणाल्या. "त्यो बोलतोय."