बादलीतली सही

रद्दीवाल्याच्या काट्याला लटकलेल्या गठ्ठ्यात मला बाबांची सही दिसली. त्यांची आयकराची जुनी कागदपत्रं आईने वर्तमानपत्रांसोबत देऊन टाकली होती.

“ते कागद जपायची मुदत संपली ना? आणि हेच राहिले नाहीत, आता ह्यांच्या सहीचं कोण काय करणार?” आई म्हणाली.

कोणी काय करेल, हीच तर भीती. पत्ता, पॅन, खातं, सही. एवढ्यावर उद्या कुणी परका बाबांच्या नावाने कर्जही काढेल. माणूस जातो, पण कागदावरचं त्याचं दार सताड उघडंच राहतं.

मी गठ्ठा जवळजवळ हिसकावूनच घेतला. सगळं फाडून बादलीत भिजत घातलं. आई कागदाच्या टोपल्या करण्यासाठी मळते तसा, चिकटपणासाठी वाटलेली मेथी घालून, तो लगदा मळायला बसली. आधी आकडे दिसेनासे झाले, मग पत्ता. मध्येच तिचा हात थांबला. बोटांना चिकटलेल्या एका तुकड्यावर निळी सही शाबूत होती.

“आई, तोही.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटून मूठ आवळली, आणि बराच वेळ उघडलीच नाही.