आप्पांनी ओळखलेला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याला मी एरवी दूध उतू गेलं तरी सांगते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. त्यामुळे सोपं जाईल असं वाटतंय का मला? बघू.

मी आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या मेनूथला राहते, इतिहास शिकवते. माझ्या नावावर एक पुस्तक आहे. त्याचा विषय काढला की इथल्या गणपतीच्या कार्यक्रमात लोक हळूच समोशांकडे सरकतात. मध्ययुगात डब्लिनला इंग्लंडच्या राजाचा दफ्तरखाना होता. तिथे राजाची पत्रं लिहिणारे कारकून पुढे थेट बिशप व्हायचे. चाकरी नीट केली की राजा चर्चमधली गादी मिळवून द्यायचा. त्यातल्याच एका बिशपवर माझी पीएचडी. तो राजाच्या नोकरीत होता एवढं ठाऊक होतं. पण सुरुवात कुठून केली? बड्या घरचा, म्हणून वरच्या पायरीवरूनच चढला, असं सगळे धरून चालले होते. मीही. तीन वर्षं तिथेच अडकले होते.

त्या उन्हाळ्यात आप्पा, माझे वडील, साताऱ्याहून आले. आई गेल्यावर पहिल्यांदाच कुठे बाहेर पडले होते. त्यांनी सगळी नोकरी सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली – कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. इथे त्यांना करमेना. पाऊस थांबला की कालव्यापर्यंत जाऊन यायचे, नाहीतर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझ्या शेजारी बसून त्या जुन्या पत्रांचे फोटो बघत राहायचे. लॅटिनचा गंधही नाही. एकदा म्हणाले, “पत्र राजाचं, हात कारकुनाचा. आमचंबी तसंच की गं. सही तेवढी सायबाची.”

मग एका दुपारी त्यांनी माझा केकचा बटर पेपर मागून घेतला. दोन पत्रांच्या छापील प्रतींवर ठेवून, पेन्सिलीनं गिरवत बसले. एक पत्र बिशपनं उतारवयात, स्वतःच्या हातानं भाच्याला लिहिलेलं. दुसरं दफ्तरखान्यातलं, कुठल्याशा पुलाच्या डागडुजीचा हुकूम. लिहिणाऱ्याचं नाव नाही. “अक्षर बघू नगंस,” आप्पा म्हणाले, “हात कुठं थांबतोय ते बघ.” अक्षराच्या लांब शेपटीआधी लेखणी उचलायची, आणि शेवटी डावीकडे बारीकशी गाठ. दोन्हीकडे तीच. “एकाच माणसाचा हात हाय. म्हंजे कारकुनाचाच बिशप झाला म्हणायचा!” इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जणू बढती त्यांनाच मिळाली होती.

पुढे दोन महिने मी बाकीची पत्रं ताडून पाहिली. आप्पांचं बरोबर होतं. अगदी तळापासून चढला होता तो.

माझ्या मार्गदर्शक बाई कागद बघून खुर्चीतून उठल्याच. हे तुला दिसलं कसं, म्हणाल्या. आणि मी – मी म्हणाले, रोज बघून बघून.

एवढंच. एक वाक्य. बाईंना हसू येईल, लॅटिन न येणाऱ्या म्हाताऱ्याचा पुरावा कोण मानेल, अशी भीती वाटली होती – असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. बाईंनी आप्पांना चहाला बोलावलं असतं. मला ते माझं हवं होतं. नोकरी त्याच्यावर मिळाली, पुस्तकही त्याच्यावरच उभं राहिलं.

आप्पांनी फोनवर एकदाच विचारलं होतं, “माझं नाव घालशील का गं? कोपऱ्यात कुठंतरी?” मी घालीन म्हणाले. पुस्तक आल्यावर, घातलंय म्हणाले. त्यांनी सबंध आळीत सांगितलं. माझ्या पुस्तकात आईवडिलांचे आभार अशी एक ओळ आहे. नाव नाही. कशाबद्दल, तेही नाही.

प्रत पाठवायला मी वर्ष लावलं. मिळाल्यावर त्यांचा फोन आला. “पान घावंना बघ. डोळ्यानं आता बारीक दिसत न्हाई. कुठल्या पानावर हाय गं?” आणि मी – हे सगळ्यात वाईट – मी म्हणाले, पुढेच आहे आप्पा, फार बारीक टाईप आहे. “मग आपरेशन झालं की बघतो,” म्हणाले.

आप्पा जाऊन आता दोन वर्षं झाली. तो बटर पेपर माझ्याकडे आहे. टेबलाशी बसले की शेजारची खुर्ची अजून ओढून ठेवते. कालव्यावरून कुणी हात मागे बांधून चालत येताना दिसलं की पाय थांबतात. फार आठवण येते. फोन वाजावा आणि त्यांनी विचारावं, कुठल्या पानावर हाय गं – यापलीकडे मला काही नको असतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं होतं. पेपरातल्या बारीक जाहिरातीसुद्धा मला फोनवर वाचून दाखवायचे, माझी तब्येत विचारायचे, इथला पाऊस विचारायचे. पानाचं मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.