निजलेला तुकडा

चारी बाजूंनी इमारती आणि मध्ये हिरवा चौकोन, असं ते शेत. मालकिणीला सगळ्या बाल्कन्या 'गाजरवाल्या मावशी' म्हणत. चौथ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाला त्यांनी कधी फोन केला नाही, खालून हाकच मारली. "अहो, मुळे काढलेत! उतरताय की फेकू वर?"

मावशींचा एक हट्ट होता. दर वर्षी शेताचा एक तुकडा त्या पड ठेवायच्या. तिथे काही पेरायचं नाही, जमिनीने स्वस्थ निजायचं. यंदा तो नेमका रस्त्याकडचा निघाला आणि नगरपालिकेने ठरवलं: पिकती जमीन राहील, रिकामी दिसेल तिथे पार्किंग. पाहणी उद्यावर आली.

"आई, काहीतरी लावून टाकू या ना," रात्री जेवताना सून काकुळतीला आली.

"घोरणाऱ्या माणसाला उठवून पाहुण्यांपुढे नाचवशील?"

"पाहुणे गाड्या लावायला येतायत, आई!"

"मी समजावेन त्यांना."

"हो, मी ऐकते म्हणून सगळेच ऐकतील!"

मावशींना हसू आलं, पण घास हातातच राहिला. हा तुकडा गेला, की रस्ता आत घुसणार. मग उरलेलं शेत तरी किती दिवसांचं?

सकाळी मोजणीसाहेब आले. गाडीत पार्किंग आखायच्या लोखंडी खुंट्यांचा भारा. मावशी त्यांना घेऊन रस्त्याकडे वळल्या आणि थबकल्याच. निजलेला तुकडा हिरवागार! पालकाच्या रांगाच रांगा. फक्त पानं चक्कर आल्यासारखी आडवी झालेली. सून आभाळ न्याहाळत उभी.

साहेबांनी वाकून एक रोप उपटलं. खाली मुळांऐवजी रबरबँड.

"ही कुठली जात म्हणायची?"

बाजारात न्यायच्या जुड्याच सूनबाईंनी पहाटे मातीत खोचल्या होत्या.

"आमच्या सुनेची लागवड आहे ती," मावशी म्हणाल्या. "खरं सांगू का साहेब, इथे काहीच लावलेलं नाही. तुकडा निजलाय."

"मला तर रिकामा दिसतोय."

"इकडे या. हा शेजारचा गेल्या साली निजला होता. उपटा एक गाजर."

साहेबांनी एक हात लावला, मग दोन्ही लावले. तिसऱ्या हिसक्याला गाजर वर आलं आणि साहेब खाली बसले. बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या. हातभर लांब गाजर पँटीला पुसून साहेबांनी चावा घेतला, बराच वेळ चघळला.

"आणि निजू दिलं नाही तर?"

"झोपमोड झालेला माणूस पाहिलाय ना? चिडचिड हातभर, काम बोटभर."

साहेब पुन्हा रस्त्याकडे बघत राहिले.

"'शेतीतच, विसाव्याला' असं लिहितो. वरचे साहेब हसतील."

"हसू देत. म्हणावं, गाजर खायला या."

"पण पुढच्या साली इथे पेरलेलं दिसलं पाहिजे हं. मी स्वतः बघायला येणार."

"पिशवी घेऊन या."

खुंट्या आल्या तशाच गाडीतून परत गेल्या.

"आई..." सून हळूच म्हणाली, "जुड्यांचं काय करू?"

"लावल्यास तू, आता काढणीही तूच कर. आणि रबरबँड वेच सगळे. ते कुजत नाहीत."

त्या संध्याकाळी पानात नुसता पालकच होता.