ठासणीच्या बंदुकीला अक्षता

शनिवारी पहाटे ग्रॅमची यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) दारात येऊन उभी राहिली, तेव्हा ब्रिस्बेनजवळचं आमचं अख्खं स्प्रिंगफील्ड लेक्स झोपलेलं होतं आणि मी ओट्यापाशी मेतकूट-भात थर्मासमध्ये भरत होते. आजवर मी चारधाम केलं, सिंगापूर केलं, मेलबर्नच्या थंडीत नणंदेकडे पंधरा दिवस काढले. शिकारीला मात्र कधी गेले नव्हते. शिकार कसली, झुरळ दिसलं तरी मी प्रकाशला, म्हणजे नवऱ्याला, हाक मारते.

ग्रॅम माझा खुर्चीशेजारी. हॉस्पिटलात केमोच्या खोलीत खिडकीजवळच्या दोन खुर्च्या आमच्या दोघांच्या, एका मंगळवाराआड. दोघांनाही आतड्याचा कॅन्सर, दोघांनाही एकच औषध. या औषधाचा एक अजब गुण आहे: बोटं बधिर होतात, आणि थंड वस्तूला हात लागला की शॉक बसल्यासारखं होतं. त्यामुळे क्वीन्सलँडच्या एप्रिलमध्ये, लोक अर्ध्या चड्डीत हिंडत असताना, आम्ही दोघं लोकरीचे हातमोजे घालून बसतो. त्याचे जांभळे हातमोजे मीच विणलेत. ग्रॅम सत्तरीचा, पूर्वी ट्रक चालवायचा. बायको गेली, मुलगा पर्थला. तो बोलतो इंग्रजीतच, इथे मी त्याला मराठी बोलायला लावलंय.

"वर्षातून एकदा मी हरणाच्या मागे जातो," मागच्या खेपेला सलाइन चालू असताना तो म्हणाला होता. "यंदा एकट्याला झेपणार नाही. येशील?"

मी हो म्हटलं. का म्हटलं ते प्रकाशने मला चार दिवस विचारलं. खरं सांगायचं तर आजारी पडल्यापासून मी पुढचं काही ठरवतच नव्हते. पूर्वी आमच्याकडे तांदळाची दहा किलोची गोणी यायची, आता मी एक किलोची पिशवी आणते. उरलं तर काय करायचं, असं वाटायचं. शनिवार तेवढा जवळ होता, म्हणून हो म्हटलं.

तर ग्रॅम आला आणि मी बघायला मागितल्यावर त्याने पेटीतून बंदूक काढून, नळीचं तोंड वर करून, गॅरेजच्या भिंतीला उभी केली. ठासणीची बंदूक मी म्युझियममध्येच पाहिली होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी टाकायची, गजाने ठासायची, मग मागे दिवाळीतल्या टिकलीएवढी तांब्याची टोपी बसवून चाप ओढायचा. की एक बार.

"अरे, चांगली आजकालची बंदूक का नाही घेत?" मी विचारलं.

"एकच गोळी. चुकली तर हरिण त्याच्या घरी, मी माझ्या घरी."

आता, शस्त्र दारात आलं आणि तसंच रवाना केलं, असं आमच्याकडे होत नाही. माहेरी खंडेनवमीला कोयत्यापासून विळीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. इथे ते प्रकाशच्या लॅपटॉपला लागतं. ही तर साक्षात बंदूक. मी ताम्हण घेऊन आले.

"अगं, खंडेनवमी ऑक्टोबरमध्ये असते," प्रकाश म्हणाला.

"ऑक्टोबरचं ऑक्टोबरला बघू. तू त्याला चहा दे."

ग्रॅम चहा घेत असताना मी बंदुकीला हळदकुंकू वाहिलं, फुलाने पाणी शिंपडलं आणि कलशावर वाहाव्यात तशा ओल्या कुंकवाच्या चिमूटभर अक्षता वरून वाहिल्या. मग ग्रॅमला ओवाळलं. टोपी काढून तो मुकाट उभा राहिला. कपाळाला टिळा, त्यावर अक्षता. मी डोळे मिटून म्हटलं, बाप्पा, याच्या मनातलं होऊ दे. आणि आम्ही निघालो.

इप्सविच मागे पडलं की रस्ता ब्रिस्बेन व्हॅलीत शिरतो. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, मधूनच एखादं निलगिरीचं झाड, गाई. एस्क नावाच्या गावी आम्ही बेकरीत थांबलो. काउंटरवरच्या बाईने ग्रॅमच्या कपाळाकडे पाहिलं, माझ्या साडीवरच्या स्वेटरकडे पाहिलं, दोघांच्या हातमोज्यांकडे पाहिलं.

"लग्नाला निघालात का?" तिने विचारलं.

"शिकारीला," ग्रॅम म्हणाला.

"नो वरीज," ती म्हणाली आणि त्याला मीट पाय, म्हणजे खिमा भरलेला पॅटिस, दिला. त्याने दोन घास खाल्ले आणि उरलेला कागदात गुंडाळून ठेवला.

गाडीत बसल्यावर त्याने सहज सांगावं तसं सांगितलं. "आज नर मिळाला की मी थांबणार. मंगळवारी येणार नाही."

"म्हणजे? चार डोस राहिलेत. डॉक्टरीणबाई म्हणाली ना, पूर्ण केलेस तर आशा आहे."

"आशा तिला आहे. मला उलट्या आहेत."

"आणि नर नाही मिळाला तर?"

"तर पुढच्या एप्रिलपर्यंत टिकावं लागेल. नर याच दिवसांत डुरकतात, एरवी जंगलातून बाहेर येत नाहीत. हातात घेतलेलं काम मी अर्धवट सोडत नाही."

हे वाक्य केमो अर्धवट सोडायला निघालेला माणूस म्हणत होता. मला इतका संताप आला की मी खिडकीबाहेर बघत बसले. वर हसावं की रडावं कळेना: याच्या मनातलं होऊ दे, असं पहाटे मीच मागून बसले होते. मी मनात म्हटलं, बाप्पा, सकाळचा अर्ज मी मागे घेते.

ग्रॅमच्या ओळखीच्या शेतकऱ्याचा पॅडक (कुंपण घातलेलं मोठं रान) टेकडीच्या उतारावर होता. ही तांबडी हरणं साहेबाने हौसेने इथे आणून सोडली, आता ती शेतकऱ्यांचं पीक खातात, म्हणून फाटकापाशी शेतकऱ्याने आमचं स्वागतच केलं. फक्त आमच्याकडे बघून म्हणाला, "काही झालं तर हाक मारा. म्हणजे हरणाला नव्हे, तुम्हाला काही झालं तर."

आमची चाल अशी: पन्नास पावलं, बसणं, पुन्हा पन्नास पावलं. त्यात आतड्याचे पेशंट. आधी मी झुडपामागे, मग तो, मग पुन्हा मी. टॉयलेट पेपरचा रोल हे आमचं मुख्य हत्यार होतं. बंदुकीला हात लावायची मला परवानगी नव्हती, लायसन्स त्याचं. माझ्याकडे दुर्बीण, गरम पाणी आणि भाताचा थर्मास.

एका ओंडक्याआड तो बंदूक भरायला बसला. ठासण्याआधी रिकाम्या बंदुकीवर एक टोपी वाजवून नळी साफ करायची पद्धत असते, असं तो म्हणाला. पण टोप्यांची डबी उघडतानाच त्याच्या बधिर बोटांतून निसटली आणि सगळ्या टोप्या गवतात. मी गुडघ्यावर बसून शोधू लागले. माझी बोटं त्याच्यासारखीच बधिर. टोपी आहे की बी आहे की मेंढीची लेंडी, काही कळेना. बऱ्याच वेळाने एक सापडली. "एकच आहे, मग साफसफाई राहू दे," असं म्हणून त्याने तशीच दारू ओतली, गोळी ठासली आणि ती टोपी बंदुकीवर बसवली.

तेवढ्यात डुरकणं ऐकू आलं. जणू कुणी रिकाम्या टाकीत तोंड घालून ओरडतंय. आणि झाडीतून तो बाहेर आला. केवढा थोरला नर. शिंगांना गवत लटकलेलं, मान ताठ. तो आमच्यासमोर आडवा उभा राहिला.

ग्रॅमने बंदूक बेचकीच्या काठीवर टेकवली. मी नुसतं खोकले असते तरी हरिण पळालं असतं आणि ग्रॅम मंगळवारी आला असता. खोकला घशात आला होता. मी ग्रॅमकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत त्या खुर्चीत मी त्याचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. दुखणं कुठे गेलं होतं कोण जाणे. मी पदर तोंडात कोंबला आणि खोकला गिळला.

टक्.

बस्स, टक्. पुढे काहीच नाही.

"हलू नकोस," तो पुटपुटला. "बार उशिरा उडू शकतो. नळी समोरच धरून ठेवायची." मग आम्ही तसेच उभे. बंदूक हरणावर, हरणाची नजर आमच्यावर. त्याने शांतपणे दोन घास गवत खाल्लं.

आणि मग फुस्स्. पांढऱ्या धुराचा ढग आला, गोळी चार हातांवर गवतात पडली आणि तिच्यामागून गुलाबी तांदळाचा सडा. लग्न लागल्यावर वऱ्हाडी पंगतीकडे निघतात तसा तो नर सावकाश झाडीत निघून गेला.

ग्रॅमने वाकून, तीन-चारदा चिमूट चुकून, एक दाणा उचलला.

"हे काय आहे?"

"तांदूळ," मी म्हटलं. "पूजेचा. तुला यश यावं म्हणून."

तो ओंडक्यावर बसला. मला वाटलं, आता ओरडणार. "चाळीस वर्षं शिकार करतोय," तो म्हणाला. "वारा आडवा आला, साप आडवा आला. भात पहिल्यांदा." मी थर्मास उघडला, मेतकूट-भात त्याच्यापुढे धरला. त्याने आधी त्याच्याकडे संशयाने पाहिलं, मग सगळा खाल्ला.

परतताना मंगळवारबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही.

मंगळवारी त्याची खुर्ची रिकामी होती. नर्सने माझ्या सुईचं बघितलं, सलाइन लावलं, आणि मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवून दाराकडेच बघत राहिले. मला त्या म्हाताऱ्याचा राग येत होता आणि त्याच्यावाचून त्या खोलीत बसवत नव्हतं.

मग जांभळे हातमोजे दिसले.

"उशीर झाला," तो खुर्चीत बसत म्हणाला. "नळी साफ करत होतो. अजून दोन दाणे निघाले." नर्स त्याची बाही वर करत होती. "पुढच्या एप्रिलला टिळा चालेल. तांदूळ नाही. आणि तू हवीस. टोप्या कोण शोधणार?"

"येईन," मी म्हटलं.

म्हटलं आणि मगच कळलं, मी काय बोलून बसले ते. डोळ्यांत पाणी आलं, नर्सला सांगितलं औषध झोंबतंय.

संध्याकाळी घरी जाताना प्रकाशने इंडियन स्टोअरपाशी गाडी थांबवली. मी खाली उतरले नाही, अंगात त्राण नव्हतं.

"तांदूळ संपलेत ना?" तो म्हणाला. "एक किलो आणतो."

"दहाची गोणी आण," मी म्हटलं.

तो आत गेला आणि कंबरदुखीची एकही तक्रार न करता गोणी खांद्यावर घेऊन बाहेर आला.