गोळी गिळेपर्यंतचा फोन

त्या दिवाळीनंतर मी पुण्याला परत निघालो, तेव्हा बाबा मला सोडायला अकोटच्या स्टँडवर आले होते. एका हातात आमच्याच मळ्यातल्या वांग्यांची थैली, दुसऱ्या हातातला रुमाल तोंडावर. खोकत होते. मी घरातला शिकलेला शहाणा. म्हणालो, "जिनिंगमधल्या कापसाची धूळ असेल बाबा, काढा घ्या." एवढं निदान करून खिडकीची सीट धरायला धावलो. मागून त्यांचं नेहमीचं वाक्य आलं, "पोचला का फोन कर." मी पोचल्यावर मेसेज केला. मेसेज बाबा वाचत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

ती धूळ नव्हती, टीबी होता. तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं, गोळ्या रोज उपाशीपोटी घ्यायच्या, मधेच सोडल्या तर हा आजार पुढं गोळ्यांनाही जुमानत नाही. बाबांना थोडा आराम पडला आणि त्यांनी पाकीट फडताळात ठेवून दिलं. "बरं वाटून राह्यलं तं काहून खाऊ?" माय फोनवर रडकुंडीला आली. "माह्या समोर घेत नाई हा माणूस. तूच पाय आता काय ते, बाप्पा."

आता माझा धंदा ऐका. हिंजवडीच्या ज्या कंपनीत मी आहे, ती लोकांना वेळेवर आठवण करून देणारं सॉफ्टवेअर बनवते. मी मोठ्या रुबाबात बाबांच्या मोबाईलमध्ये तसलं ॲप टाकलं. रोज सकाळी एक गोड आवाजाची बाई सांगायची, औषध घेण्याची वेळ झाली आहे. आठवड्यातच बाबांनी तिला बंद केलं. "रोज तेच बोलते, आपलं तं काहीच आयकून घेत नाई."

मग ठरलं की मी व्हिडिओ कॉल करायचा आणि बाबांनी माझ्यासमोर गोळ्या गिळायच्या. वर जीभ काढून दाखवायची. बाप लेकाला जीभ दाखवतो आणि लेक "ओके, व्हेरी गुड" म्हणतो, हे दृश्य शेजारच्या काकूंनी पाहिलं असतं तर आमच्या घराण्याशी कुणी सोयरीक केली नसती.

पण बाबा गोळी लवकर घेईनात. आधी मेथीचा वाफा दाखवायचे, मग गाय, मग सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, लागलेली मावा कीड. माझी मीटिंग सुरू व्हायची. मी म्हणायचो, "बाबा, गोळी!" ते पाण्याचा गिलास हातात घेऊन नव्यानं सुरू, "आरे, इकडं पाय…" शेवटी एक दिवस मी म्हणालो, "तुम्ही घ्या, माझा भरवसा आहे." फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तर भरवसा इतका वाढला की मी फोनच केला नाही.

त्या आठवड्यात मायचा फोन आला. बाबा पुन्हा खोकायला लागले होते. गोळ्या पाकिटात जशाच्या तशा. "पोराच्या समोर घ्याची ठरली होती, म्हनते. गिलास घेऊन बसते सकायी, तुह्या फोनची वाट पायत. गोळी गिळली का तू पळतं ना, म्हनून लांबवते रे तो."

मी काचेच्या मीटिंग रूममध्ये उभा होतो. बाहेर सगळे हसत कॉफी पीत होते. रडायचं तर एच.आर.ला कळवावं लागतं की काय, असं वाटलं.

साहेबांना सांगितलं, सकाळची मीटिंग मला जमणार नाही. कारण विचारलं तर म्हणालो, "माझे वडील गोळी गिळतात." त्यांनी हे लिहून घेतलं. बाबांशी नवा करार केला. आधी गोळी, मग गप्पा, आणि फोन त्यांनीच ठेवायचा. त्या फोनवर भाषाही घरची निघायची. एरवी 'मला, तुला' करणारा मी "मले सांगा ना बाबा" म्हणायला लागलो, आणि रूममेट विचारायचा, भांडण झालं का?

सिस्टरनं पुन्हा तपासण्या करवल्या, डॉक्टरांनी गोळ्यांची मुदत वाढवली. महिने गेले. बाबांच्या गालांवर मांस आलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं फोन लावला.

"काहून केला? गोळ्या तं संपल्या."

"असाच."

"असाच?" बाबा गोंधळले. मीही. आमच्या दोघांत असाच फोन कधी झालाच नव्हता. "बरं, मी वांगे घेऊन बाजारात चाललो. तू राय लाइनीवर." आणि फोन तसाच शर्टाच्या खिशात.

स्क्रीन काळी झाली. मी इकडचा आवाज बंद केला, पुण्याची गडबड तिकडं जायला नको म्हणून. ऑटोची घरघर, कुणाचं "राम राम", मग तराजूचं पारडं आपटल्याचा आवाज. आपलं घर कुठं, असं विचारलं की मी पूर्वी पटकन अकोट तालुका सांगायचो, नंतर पुण्यातल्या सोसायटीचं नाव सांगू लागलो. तुम्हीही गाव सोडलं असेल तर तुमचंही असंच होत असेल. त्या काळ्या स्क्रीनला कान लावून उभं असताना कुणी तेच विचारलं असतं, तर मी बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प केलं असतं.

तिकडं कुणी गिऱ्हाईक वांग्यांच्या भावावरून बाबांना वाटेल ते बोलत होतं. बाबांनी त्याला दरडावलं, "जरा नीट बोल बे. पोरगं खिशात हाय माह्या."